सगुणाबाईंची तांबूस वडी

५ नोव्हेंबर १९३७, शुक्रवार. भाऊबीज

चार दिवस चुलीपुढून उठले नाही. अनारशांना छान जाळी पडली, करंजी एकही फुटली नाही, शेव तर अशी उतरली की समोरच्या वकिलीणबाई पीठ कसं भिजवलं म्हणून विचारून गेल्या. आज माझी नणंद झुंबरबाई भावाला ओवाळायला चिखलीहून आली. तिनं सगळं खाल्लं. दोनदा खाल्लं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "सारं बेस झालं वो विमल. पण सगुणाची तांबूस वडी नाही तं दिवाळी अळणीच वाटते बाप्पा."

सगुणा म्हणजे ह्यांची पहिली बायको. तिला जाऊन पाच वर्षं झाली, मला या घरात येऊन तीन. मी ती वडी कधी पाहिलेली नाही, पण तिचं वर्णन मला तोंडपाठ आहे. रंग विटेसारखा तांबूस. दाताखाली दबायची पण दाताला चिकटायची नाही. मलकापूरच्या ठेसनावर डब्यातलं घट्ट, गोड विलायती दूध मिळतं, त्याची करायची. अर्ध्या बुलढाण्यानं खाल्लेली आहे.

हे काही बोलले नाहीत. ताटातली करंजी मोडत बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. पण जिवंत सवत असती तर निदान भांडता आलं असतं. कधी तिची भाजी करपली असती, कधी आमटीत मीठ जास्त पडलं असतं. मेलेल्या बाईच्या हातून काही करपत नाही.

हे कोणापाशी बोलणार? म्हणून लिहिते. माहेरी वरवट बकालला चौथीपर्यंत शिकले, त्याचा एवढा तरी उपयोग.

८ नोव्हेंबर, सोमवार

कमळजाला स्थळ आलं. कमळजा सगुणाबाईंची मुलगी, आता सोळाची. मला मावशी म्हणते. स्थळ रोहिणखेडच्या हिंमतरावांचं. घरची शेती आहे, मुलगा शिकलेला आहे. मार्गशीर्षात पाहायला येणार. निरोप्यानं निघता निघता सांगितलं की हिंमतरावांच्या बायकोनं, तानुबाईनं, खूप वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला आमच्या घरची वडी खाल्ली होती, ती अजून त्यांच्या जिभेवर आहे. म्हणाल्या म्हणे, "आईचा हात लेकीच्या हातात उतरला असन तं आमाले दुसरं काही पाहाचं नाही."

घ्या! तीन वर्षं या मुलीला मी भाकरी थापायला शिकवते, पुरण वाटायला शिकवते, आणि हात मात्र आईचा.

दुपारी कमळजा माझ्यापुढे येऊन बसली. "मावशी, आपण ती वडी करू ना. तुम्ही करा, मी बाजूले बसतो." आणि पेटीतून एक वही काढून आणली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. आत सगळी पक्वान्नं. अक्षर मोत्यासारखं. मला या वहीचा पत्ताच नव्हता.

"आजवर काऊन नाही दाखवली?"

"तुम्हाले आवडन का नाही, काय माहीत."

ती वही चुलीत घालावीशी वाटली, हे इथे लिहून ठेवते. घातली नाही. वाचली. खरवस, बासुंदी, शेवयांची खीर, आणि शेवटच्या पानावर हे:

"डब्याच्या दुधाची वडी. डबा फोडून दूध कढईत घ्यावे. सुके खोबरे बारीक किसून दोन वाट्या घालावे. तूप चार चमचे. मंद आंचेवर गोळा होऊन कढई सोडेपर्यंत हलवावे. वेलदोडे घालून तूप लावलेल्या ताटात थापावे. कोमट असता वड्या पाडाव्या."

बस. एवढ्यासाठी अर्धं गाव वेडं होतं?

१३ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी हे येताना डबा घेऊन आले. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे फकीर मोहम्मद राहतो, तो मलकापूरची मोटार चालवतो. त्याला सांगून मागवला. मी बोललेही नव्हते. सगुणाबाईंच्या वडीचं नाव निघालं की पाहा कसे पाय चालतात. माझ्यासाठी न सांगता कधी काही आणलं आहे? (गेल्या महिन्यात पायाच्या भेगांना मलम आणलं होतं, ते वेगळं.)

वहीत लिहिलं तसंच केलं. ओळ न् ओळ. वडी झाली पांढरीफटक. वर दाताला अशी चिकटली की जीभ फिरवून काढावी लागली. कमळजानं वडी उलटून पाहिली, जणू खालच्या बाजूला तांबूस असेल.

ह्यांना दिली. म्हणाले, "चांगली आहे."

"त्यांच्यासारखी?"

बराच वेळ चघळली. "वेगळी आहे."

१७ नोव्हेंबर, बुधवार

त्या पांढऱ्या वड्यांना घरात कोणी हात लावेना. मी भांडेवालीला देऊन टाकणार होते, पण ह्यांनी रोज चार-चार डबीत घालून कचेरीत न्यायला सुरुवात केली. म्हटलं, तिथे कारकून मंडळीत वाटत असतील. आज डबी धुताना विचारलं, कोणी कोणी खाल्ल्या म्हणून.

"मीच खाल्ल्या."

"साऱ्या? काऊन?"

"चारच्या सुमाराले भूक लागते."

जुन्या आठवणी येत असतील. दुसरं काय.

२० नोव्हेंबर, शनिवार

डब्याचं दूध गेलं खड्ड्यात. आज माझ्या माहेरच्या रीतीनं केली. म्हशीचं चार शेर दूध सकाळीच मोठ्या कढईत ओतलं आणि आटवत बसले. हे काम घाईचं नाही. साय धरू लागली की कडेला लोटायची, पुन्हा धरली की पुन्हा लोटायची, आणि उलथनं तळाला घासत ठेवायचं. क्षणभर थांबलं की दूध बुडाला लागतं आणि सगळ्या घाण्याला जळका वास लागतो. माझी आई म्हणायची, दूध आटवताना बाईनं दुसऱ्या कशाचा विचार करू नये. मी मात्र सबंध वेळ एकाच बाईचा विचार करत होते.

तिसऱ्या प्रहरी दाणेदार खवा झाला. पिवळसर, तुपाळ. साखर, वेलची घालून थापला. मला स्वतःला आवडला, खोटं कशाला बोलू.

कमळजानं तीन वड्या खाल्ल्या. म्हणाली, "मस्त झाली मावशी. पण ही तुमची. ती नाही."

तिच्या बोलण्यात उणं काही नव्हतं. तरी लागायचं ते लागलंच.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सगळं कळलं.

दुपारी परसात गेले तर कमळजा मागच्या भिंतीला टेकून पलीकडे कुजबुजत होती. मला पाहून गडबडली. पलीकडे फकीर मोहम्मदची बायको, नूरजहां. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिच्याशी तीन वर्षांत माझं बोलणं म्हणजे 'आमचं कोंबडं तुमच्याकडे आलं का' एवढंच. कमळजाला आत पाठवलं आणि मीच भिंतीशी गेले.

"काय विचारून राह्यली होती पोट्टी?"

रोज्याचे दिवस, तिचे ओठ सुकलेले होते. "वडीचं विचारत होती. पांढरी काऊन होते म्हणे."

"तुम्हाले काय माहीत वडीचं?"

ती भिंतीला आणखी जवळ सरकली. "विमलबाई, डबा फोडाच्या आंधी उकळा लागते. बंदचा बंद. पाण्यात पुरा बुडवून, तीन घंटे. मंग आतलं दूध तांबूस होते. आमचे अब्बा साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते, त्यायनं शिकवलं मले."

"मग सगुणाबाईंनी हे वहीत काऊन नाही लिहिलं?"

"त्यायले कुठी माहीत होतं?"

बोलून गेली आणि तोंडावर ओढणी धरली. मग मी सोडते की काय? एक-एक करून सगळं काढून घेतलं.

सगुणाबाईंना दमा होता. रोजचं घरच्यांपुरतं कसंबसं उरकत, पण सणाच्या दिवशी चुलीच्या धुरात तास-तास बसवत नसे. सासरी कळलं तर दुखणाईत बायको म्हणून माहेरी धाडतील, ही धास्ती. म्हणून सणाची वडी नूरजहां करी आणि झाकलेलं ताट भिंतीवरून इकडे येई. त्याच्या बदल्यात सगुणाबाई तिच्या भावाला पत्रं लिहून देत. "त्या लिहत, मी हलवत," नूरजहां म्हणाली. वहीत लिहून ठेवायचं म्हणून सगुणाबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा हिनं डबा फोडल्यानंतरचं सांगितलं. आधीचं सांगायचं राहूनच गेलं.

"कोणाले सांगजा नका बाई," ती हात जोडून म्हणाली. "मेलेल्या मानसाची अब्रू हाय."

मुसलमानाच्या घरचं शिजलेलं! आणि आमची झुंबरबाई, जी परक्याचा हात लागला तर घागर तीनदा घासते, ती वर्षानुवर्षं बोटं चाटत होती.

खरं ते लिहिते. आज मी एक भाकरी जास्त जेवले.

२८ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस फार हलकं वाटतं आहे. भांडी घासताना गाणं म्हणत होते. कमळजानं विचारलं, "काय झालं मावशी?" म्हटलं, काही नाही.

५ डिसेंबर, रविवार

आज पलीकडे ईद. सकाळपासून शेवयांचा आणि तुपाचा वास येत होता.

झुंबरबाई लग्नाचं बोलायला आली. मी तूर निवडत होते, कमळजा खिडकीशी बसून चोळी शिवत होती. झुंबरबाईनं नेहमीचा पाढा सुरू केला. "रोहिणखेडवाले वडी मागतीन, मंग काय देशीन? सगुणासारखी सुगरण या घरात पुन्हा होत नाही."

वाक्य अगदी ओठांवर आलं. 'तुमची सुगरण भिंतीपलीकडे राहते, बोलावू का?' एवढंच म्हणायचं होतं. तिचा चेहरा कसा होईल ते मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. फार गोड वाटलं.

बोलले नाही. ते माझ्या चांगुलपणानं नव्हे. झुंबरबाईला कळलेलं संध्याकाळी चिखलीत कळतं आणि दुसऱ्या दिवशी रोहिणखेडात. मग स्थळ मोडलं असतं आणि मुलगी माझ्याच घरात राहिली असती. एवढाच हिशोब. तसं पाहिलं तर ती राहिली तर मला काही जड नाही, पण ते असो.

१२ डिसेंबर, रविवार

नवा डबा आला होता. कोणाची मदत न घेता आपणच करून दाखवायची ठरवली. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, खाली जाळ. कमळजा मैत्रिणीकडे गेलेली. दोन तास राखण केली. मग वाटलं, तोवर धुणं आटपून घ्यावं.

मी दोरीवर लुगडं टाकत होते आणि घरात बार उडाला. वकिलीणबाई त्यांच्या ओट्यावरून ओरडल्या. धावत आत गेले तर पातेलं कोरडं ठणठणीत, डबा फाटून कोपऱ्यात पडलेला, आणि दूध सगळीकडे. आढ्याला, भिंतीला, मडक्यांच्या उतरंडीवर. देवघरातला बाळकृष्ण नखशिखांत तांबूस.

हे पुढच्या खोलीतून आले. आधी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "लागलं का कुठी? भाजलं?" मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी वर पाहिलं. आढ्यावरून एक थेंब सुटला आणि बरोबर त्यांच्या टोपीवर पडला. हे हसायला लागले. तीन वर्षांत मी ह्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पोट धरून हसले. आणि माझं डोकं फिरलं.

"हसा. त्यांच्या हातून असं कधी झालं नसतं ना? कसं होईल? त्या करतच नव्हत्या! तुमची सगुणा वडी करत नव्हती, त्या भिंतीपल्याडची करून देत होती!"

हसणं थांबलं. ह्यांनी टोपी काढली, धोतराच्या टोकानं पुसली.

"मले माहीत हाय," म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "केव्हापासून?"

"ताट येऊ लागलं त्या पहिल्याच वर्षापासून. कचेरीतून लवकर आलो होतो एक दिवस. भिंतीवरून ताट येताना दिसलं."

"आणि तुम्ही खात राहिले?"

"सात वर्षं खाल्ली. चांगली होत होती."

"त्यांना बोलले नाही?"

"काय बोलायचं? वाढताना ती माह्या तोंडाकडे पाहत राहे. चांगली झाली म्हटलं का तिचा श्वास मोकळा होई."

मग शिडीवर चढून ओल्या फडक्यानं आढं पुसू लागले. मी खाली उभी राहून फडकी पिळून देत होते.

१३ डिसेंबर, सोमवार

वडीचा हेवा संपला. त्यापेक्षा वाईट सुरू झाला.

सुगरणपणाला गाठता येतं. आज नाही तर उद्या, तीन डब्यांनी नाही तर तिसांनी. पण एखाद्या माणसानं बायकोचं खोटं सात वर्षं गोड मानून खावं, आणि ती गेल्यावरही पाच वर्षं कोणाला कळू देऊ नये, याला कसं गाठायचं?

माझ्यासाठी असं कोणी काही गुपचूप गिळलं आहे का? सकाळपासून आठवून पाहते आहे. काही आठवत नाही.

२५ डिसेंबर, शनिवार

उद्या रोहिणखेडची मंडळी येणार. कचेरीला नाताळाची सुट्टी, हे घरीच होते. सकाळी मी आपण होऊन भिंतीशी गेले आणि नूरजहांला हाक मारली.

ती म्हणाली, "मी करून देतो ना बाई. कोणाले कळत नाही."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही फक्त सांगा." तिनं करून दिली असती तर मग माझ्यात आणि सगुणाबाईंत फरक तो काय?

स्वयंपाकघरात तिला बोलावायची माझी हिंमत झाली नाही. मग मी शेगडीच परसात आणली, भिंतीला लागून. पलीकडे ती पालथ्या घमेल्यावर चढून उभी राहिली. फक्त डोकं आणि हात दिसत होते.

"पाणी घाला. अजून. डबा दिसला नाही पायजे. आता गोष्टी सांगा नाहीतर ऐका, पण जागचं हलू नका."

तीन तास. तेवढ्यात तिनं सगुणाबाईंच्या किती गोष्टी सांगितल्या! तिला तिचं नाव लिहायला कसं शिकवलं. हिच्या धाकट्या मुलाच्या तापात रात्रंदिवस खुशाली कशी विचारली. सांगताना रडली. मी पाण्यावर नजर ठेवून बसले. म्हणजे हिलाही तीच हवी आहे. मी समोर घाम गाळते आहे आणि ही माझ्या डोक्यावरून मागे पाहते आहे.

डबा पुरा थंड झाल्यावर फोडला. कमळजाच्या तोंडून "ओ माय!" निघालं. आतलं दूध काकवीसारखं घट्ट झालेलं, रंग थेट भाजलेल्या विटेचा. मग खोबरं, तूप, आणि हलवणं. हलवायला कमळजाला बसवलं, ती दमली की मी, मी दमले की ती. गोळा कढई सोडू लागला तसा पलीकडून हुकूम आला, "उतरवा! आता उतरवा!"

पहिला तुकडा भिंतीवरून नूरजहांच्या हातावर ठेवला. तिनं डोळे मिटून खाल्ला.

"उलसक जास्त हलवली," बोटाचं पेर दाखवत म्हणाली. मग, "पण तुमचा हात साजरा हाय विमलबाई."

मला इतका आनंद झाला की तिचा रागच आला.

२६ डिसेंबर, रविवार

सकाळी दहा वाजता मंडळी आली. हिंमतराव, तानुबाई आणि मुलगा. मुलगा निवांत वाटला, खाली पाहून बोलतो. झुंबरबाई काल रात्रीच आलेली. कमळजा पोहे, चहा आणि वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली.

तानुबाईंनी वडीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि हिंमतरावांच्या दंडाला हात लावला. "हेच! मी म्हणत नव्हती? हा सगुणाबाईचा हात." मग कमळजाकडे वळून, "आईनं शिकवली होती ना बाई?"

कमळजा खाली पाहत राहिली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. दोन महिने, तीन डबे, भाजलेली बोटं, पुसलेलं आढं, आणि हात पुन्हा सगुणाबाईंचाच. माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी केली. आणि मला या मागच्या नूरजहांबाईंनी शिकवली."

हिंमतरावांचा जबडा थांबला. झुंबरबाईची वडी तोंडाजवळ तशीच राहिली.

"मुसलमानाची?" हिंमतरावांनी विचारलं.

"शिकवली त्यांनी. शेगडी माझी, कढई माझी, हात आम्हा दोघी मायलेकींचा."

तानुबाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. "म्हंजे सगुणाबाईले बी तिनंच शिकवली?"

यापेक्षा चांगली संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. एका शब्दाचं काम होतं. झुंबरबाई समोर, परगावचे पाहुणे समोर. सगुणाबाईंचं सगळं नाव तेव्हा माझ्या जिभेवर होतं. कमळजा ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यावर सोडून दिल्यासारखे बसून राहिले.

"हो," मी म्हटलं. "शिकवलं तिनं. करायच्या मात्र त्या स्वतः. दमा होता तरी धुरात बसून करायच्या."

दम्याचं आणि धुराचं मी वरून का घातलं, कोण जाणे. त्याशिवायही चाललं असतं.

मग हिंमतरावांनी घसा साफ केला. "आमच्या रोहिणखेडात मशीद गावाच्या मधात हाय. माह्या मोटेचं चामडं रज्जाक शिवते, अन् त्या मोटेच्या पाण्यावर आम्ही देवाचा निवद पिकवतो. शिकवल्यानं काही इटाळ होत नाही." आणि हातातली वडी संपवली. तानुबाईंनी आणखी दोन घेतल्या. झुंबरबाईनं आपली वडी बशीच्या काठावर ठेवून दिली होती. थोड्या वेळानं पाहिलं तर बशी रिकामी.

निघताना तानुबाई म्हणाल्या, "माघातला मुहूर्त काढा."

२७ डिसेंबर, सोमवार

सकाळी कालची ताटं पुसत होतो. कमळजा एकदम म्हणाली, "मावशी, काल तुम्ही खोटं बोलल्या."

"काय खोटं?"

"आई करत नव्हती. नूरजहांखाला करत. ताट भिंतीवरून मीच घेत होती, फडक्याखाली झाकून."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणजे नवऱ्याला माहीत, मुलीला माहीत, भिंतीपलीकडच्या बाईला माहीत. या घरात जळायला एक मीच उरले होते.

"मग माझ्या मागे काऊन लागली होतीस? त्यांनाच करायला सांगायची."

ती ताट पुसत राहिली. पुसून कोरडं झालेलं ताट पुसत राहिली.

"ताट नेहमी झाकूनच ये," म्हणाली. "कशी करतात ते मी कधी पाह्यलंच नाही. आईले विचारताबी येत नव्हतं, तिचं तोंड उतरे. मले एकडाव आपल्या घरात होताना पाहाची होती. तुम्ही करताना." मग हळूच म्हणाली, "सासरी कोणी विचारलं तं सांगता आलं पाहिजे ना, आमच्या घरी अशी करतात म्हणून."

"त्या परातीला अजून तूप आहे, नीट पूस," असं मी म्हटलं. नंतर मागच्या दारी जाऊन थोडी रडले. कशासाठी ते नक्की सांगता येणार नाही.

३ एप्रिल १९३८, रविवार

लग्न माघात झालं. बाकीचं लिहायला जमलं नाही.

आज कमळजाचं रोहिणखेडहून पहिलं पत्र आलं. पाडव्याच्या दिवशी लिहिलेलं. सुखरूप आहे. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या, अशा की तोंडात विरघळाव्या. सासूबाईंनी शेवया वळायला शिकवल्या. सासूबाई म्हणतात, माझा हात हलका आहे. सासूबाई मला कुठे जाऊ देत नाहीत, सारख्या जवळ बसवून घेतात.

मी मोजलं. सासूबाई चार वेळा. मावशी दोनदा, त्यातलं एक वरच्या नमस्कारात.

हात हलका म्हणे. तो हात मनगटाला धरून भाकरीवर कोणी हलका केला? आणि पुरणपोळी तोंडात विरघळायला ती काय साखर आहे?

लगेच उत्तर लिहिलं. त्यात तानुबाईंना उद्देशून दोन वाक्यं होती. ह्यांनी वाचलं, काही न बोलता फाडलं आणि दुसरं कोरं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. भिंतीशी जाऊन नूरजहांला विचारलं, माझं काय चुकलं म्हणून, तिनंही हसून एवढंच सांगितलं, "दुसरं लिहा."

दुसरं लिहिलं. सगळ्यांचं कुशल कळवलं. सासूबाईंना नमस्कार सांग असंही लिहिलं, अक्षर जरा बारीक काढून. आणि शेवटी: वैशाखात आखाजीच्या सणाला माहेरी येशील तेव्हा किती दिवस राहणार ते आताच कळव. चार दिवस म्हणू नको.